नकाराच्या पत्रानंतरचे वर्ष

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)





अशा समारंभात आपण हार घालतो ते निवड झालेल्यांना, आणि ते योग्यच आहे. परंतु याच सभागृहात असेही काही विद्यार्थी बसलेले असतात, की ज्यांना याच वर्षी नकाराचे पत्र आलेले असते आणि ते त्यांनी घरातही धड दाखवलेले नसते. आजचे माझे चार शब्द प्रामुख्याने त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहेत. व्यवस्थापनाचा सल्ला देणाऱ्या मोठ्या कंपन्या, ज्यांना आपली मुले ‘कन्सल्टिंग’ म्हणतात, त्यांच्याकडून एकदा नकार आल्यावर पुन्हा अर्ज करावा की नाही, करायचा तर केव्हा आणि कसा, हा माझा विषय आहे. ज्यांना या कंपन्यांत जायचे नाही त्यांनीही ऐकावे, कारण बँक असो, सरकारी परीक्षा असो की परदेशातील विद्यापीठ असो, ‘नाही’ म्हणणारे पत्र सगळीकडे सारखेच असते.

प्रथम पालकांसाठी थोडा खुलासा करतो. मुलगा डॉक्टर झाला, मुलगी वकील झाली, पुतण्या इंजिनिअर होऊन दुबईला गेला, हे मोहल्ल्यात कोणालाही सांगता येते. ‘कन्सल्टंट’ झाला म्हणजे नेमका काय झाला, हे सांगणे कठीण जाते. गोष्ट तशी सोपी आहे. एखादा कारखाना, बँक, रुग्णालय किंवा सरकारी खाते अडचणीत आले, किंवा त्याला काही नवे करावयाचे झाले, की ते बाहेरच्या अभ्यासू माणसांची एक तुकडी काही आठवड्यांसाठी वा महिन्यांसाठी नेमते. ही तुकडी आकडे गोळा करते, कामगारापासून संचालकापर्यंत सर्वांशी बोलते, दुखणे कोठे आहे ते शोधते आणि उपाय सुचवते. डॉक्टर माणसाची नाडी पाहतो, हे लोक धंद्याची नाडी पाहतात.

हा व्यवसाय तसा जुना आहे. मॅकिन्झी ही कंपनी जेम्स मॅकिन्झी या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने 1926 मध्ये शिकागोत काढली. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप 1963 मध्ये आणि बेन अँड कंपनी 1973 मध्ये सुरू झाली. 1991 च्या आर्थिक सुधारणांनंतर अशा कंपन्यांनी भारतात आपली कार्यालये थाटली. यांच्याखेरीज डेलॉइट, केपीएमजी, अर्न्स्ट अँड यंग, प्राइसवॉटरहाऊसकूपर्स यांसारख्या मूळच्या हिशेब तपासणीच्या संस्थांचेही मोठे सल्लागार विभाग आहेत. पगार चांगला, शिकायला भरपूर, आणि दोन-तीन वर्षे तेथे काढली तर पुढे बरेच दरवाजे उघडतात. त्यामुळे अर्ज फार येतात आणि जागा थोड्या असतात. जेथे जागेच्या कितीतरी पट अर्ज येतात, तेथे लायक माणसांनाही मोठ्या संख्येने नकार द्यावाच लागतो. हे गणित आधी मनात पक्के करा. नकाराचे पत्र आले एवढ्यावरून मुलगा नालायक ठरत नाही. अर्थात, कंपनी मूर्ख होती असेही ठरत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नकार आला, असे आपण एका शब्दात म्हणतो, परंतु नकार तीन जागी येतो आणि प्रत्येक जागेचा इलाज वेगळा आहे.

पहिला नकार कागदावर येतो. अर्ज पाठवला, रेझ्युमे पाठवला, आणि मुलाखतीचे बोलावणेच आले नाही. याचा अर्थ तुमच्या बुद्धीची परीक्षा झालेलीच नाही. कागदावर जे दिसले ते पुरेसे वाटले नाही, एवढेच. आपल्या मुलांचे रेझ्युमे पाहिले की दिसते, ‘अमुक विभागात काम केले’, ‘तमुक जबाबदारी सांभाळली’ अशी वाक्ये असतात. काम केले हे खरे, पण त्यातून निष्पन्न काय झाले? महाविद्यालयाच्या संमेलनाचा हिशेब तुम्ही पाहिला असेल, तर खर्च किती होता आणि तुम्ही तो कितीवर आणला? वडिलांच्या दुकानात बसत असाल, तर उधारीची वही तुम्ही संगणकावर घेतली का, आणि त्यानंतर वसुलीत काय फरक पडला? आपली मुले दुकानातले काम रेझ्युमेत लिहायला लाजतात. अहो, ज्या कंपनीला धंदा समजणारा माणूस हवा आहे, तिच्यापासून तुम्ही धंद्याचा अनुभव लपवून ठेवता!

दुसरा नकार चाचणीत येतो. काही कंपन्या संगणकावर आकडेमोडीची व तर्काची परीक्षा घेतात, काही ठिकाणी ती एखाद्या खेळासारखी असते. येथे नापास होण्याचे कारण बहुधा सरावाचा अभाव हे असते. तक्ते वाचणे, टक्केवारी काढणे, कागदाशिवाय गुणाकार करणे, हे रोज अर्धा तास केले तर काही महिन्यांत हात बसतो. जुन्या काळी आपल्या घरातल्या बुजुर्गांना पावकी, निमकी, सवायकी पाठ असत. ते शिक्षण येथे उपयोगी पडले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

तिसरा नकार मुलाखतीत येतो, आणि तो सर्वांत जास्त बोचतो, कारण निवड अगदी जवळ आलेली असते. या मुलाखतीचे दोन भाग असतात. एका भागात तुमच्याविषयी विचारतात: कोणाशी मतभेद झाला तेव्हा काय केलेत, कोणते कठीण काम तडीस नेलेत. दुसऱ्या भागात धंद्याची एक अडचण समोर ठेवतात आणि ती सोडवायला सांगतात. तिला ‘केस’ म्हणतात. ही केस म्हणजे काय ते आपल्याकडचे उदाहरण घेऊन सांगतो, म्हणजे पालकांनाही समजेल की मुले कशात अडखळतात. आकडे केवळ उदाहरणापुरते आहेत.

समजा, रत्नागिरीचा एक आंबा बागायतदार आहे. तो म्हणतो, ‘माझी विक्री वाढते आहे, पण नफा निम्म्यावर आला. काय करू?’ घाईचा उमेदवार लगेच सांगू लागतो: जाहिरात करा, आंबा परदेशी पाठवा, इंटरनेटवर विका. मुलाखत घेणारा शांतपणे ऐकून घेतो आणि मनातल्या मनात फुली मारतो. सावध उमेदवार आधी प्रश्न विचारतो. पेट्या किती जातात? भाव काय मिळतो? पेटीमागे खर्च काय येतो? मग त्याला सांगतात, की दोन वर्षांपूर्वी 10,000 पेट्या गेल्या, पेटीला 2,000 रुपये मिळाले आणि खर्च 1,600 रुपये आला. यंदाही पेट्या तेवढ्याच गेल्या, भाव 2,100 रुपये मिळाला, पण खर्च 1,900 रुपये आला. तो कागदावर मांडतो: तेव्हा पेटीमागे 400 रुपये सुटत होते, म्हणजे नफा 40 लाख. आता 200 रुपये सुटतात, म्हणजे नफा 20 लाख. विक्री 2 कोटींवरून 2 कोटी 10 लाखांवर गेली, तरी नफा अर्धा झाला. म्हणजे दुखणे बाजारात नाही, बागेत आहे. मग तो विचारतो, की वाढलेले 300 रुपये कशावर गेले? उत्तर मिळते: फवारणीवर 200, राखण व मजुरीवर 60, वाहतुकीवर 40. आता कोठे बोट ठेवायचे हे स्पष्ट झाले. फवारण्या किती झाल्या, कोणत्या सल्ल्याने झाल्या, सर्व कलमांना सारख्याच लागतात का, हे पाहायला हवे. वाहतुकीत काटकसर करून फारसे हाती लागणार नाही, हेही त्याने सांगितले पाहिजे.

पाहा, यात न समजण्यासारखे काही आहे का? बागायतदाराच्या घरातली मुले तर हे जेवताना ऐकत वाढलेली असतात. तरीही ती मुलाखतीत अडखळतात, कारण मोठ्याने विचार करण्याची सवय नसते. आपल्याकडे वर्गात उत्तर तयार झाल्यावरच हात वर करायचा असतो. येथे उत्तर तयार होत असताना बोलायचे असते, तेही इंग्रजीत, आणि अनोळखी माणसासमोर. ही कला आहे, आणि कला सरावाने येते. म्हणून तिसऱ्या नकाराचा इलाज पुस्तकात नाही. तो जोडीदारात आहे. दोन विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोनदा समोरासमोर बसावे. एकाने प्रश्न विचारावा, दुसऱ्याने सोडवावा, मग अदलाबदल करावी. विचारणाऱ्यालाही तेवढेच शिकायला मिळते, कारण समोरचा कोठे भरकटला हे त्याला लख्ख दिसते. यासाठी मोठी फी भरून शिकवणी लावण्याची गरज नाही.

म्हणून नकार आला की पहिले काम हे, की तो कोणत्या पायरीवर आला ते लिहून काढा. मुलाखत झाली असेल तर त्याच रात्री वहीत उतरवा: काय विचारले, मी काय सांगितले, कोठे गप्प झालो, कोणता हिशेब चुकला. आठवड्यानंतर आठवण आपल्या बाजूने साक्ष देऊ लागते. दुसरे काम हे, की ज्यांनी मुलाखत घेतली त्यांना किंवा भरती विभागाला आभाराचे दोन ओळींचे पत्र लिहा आणि कोठे कमी पडलो ते कृपया सांगावे, अशी विनंती करा. काही जण सांगतात, काही सांगत नाहीत. सांगितले तर ते सोन्यासारखे जपा. वाद घालू नका, ‘माझे उत्तर बरोबरच होते’ असे लिहू नका. निर्णय बदलत नसतो, पण तुमच्याविषयीचे मत मात्र बदलू शकते.

आता पुन्हा अर्ज केव्हा करायचा? अनेक मुलांना वाटते की एकदा नकार आला म्हणजे नाव काळ्या यादीत गेले. तसे नसते. या कंपन्यांत पुन्हा अर्ज करण्याची वाट मोकळी असते, फक्त मध्ये काही काळ जावा लागतो. मोठ्या कंपन्यांत हा काळ साधारणपणे एक ते दोन वर्षांचा असतो, काही ठिकाणी तो कमी असतो. आपल्या कंपनीचा नियम काय आहे हे भरती विभागाला सरळ विचारून घ्यावे. ही मुदत शिक्षा म्हणून ठेवलेली नाही. माणसात खरोखर काही फरक पडायला वेळ लागतो, म्हणून ती असते. जो उमेदवार नाव जरा वेगळे लिहून, दुसरा ईमेल देऊन मुदतीआधीच अर्ज दामटतो, तो स्वतःचे नुकसान करतो. जुन्या अर्जांची नोंद कंपनीकडे असू शकते, आणि नव्या अर्जात ‘यापूर्वी अर्ज केला होता का?’ असा प्रश्नही बहुधा असतो. त्याला खरे उत्तर द्या. सल्ला देणाऱ्याच्या धंद्याचे सगळे भांडवल विश्वास हे असते. जो पहिल्याच कागदावर खोटे बोलला, त्याला कोण आपल्या ग्राहकाच्या तिजोरीचे आकडे दाखवील?

दुसऱ्या अर्जाला एकच प्रश्न विचारला जातो: गेल्या वेळेपासून काय बदलले? मला आज तुम्हाला काही एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही आहे. पुन्हा जाणे चांगले, पण तोच माणूस पुन्हा जाऊ नये. तोच रेझ्युमे, तीच वाक्ये, फक्त तारीख नवी, असा अर्ज म्हणजे बंद दारावर दुसऱ्यांदा तीच थाप आहे. तेव्हा मधल्या काळात काम करा. हाताशी येईल ते चांगले काम घ्या: लहान सल्लागार संस्था, आकडेवारीचे विश्लेषण करणारी कंपनी, बँक, कारखान्यातील नियोजन विभाग. तेथे एखादे असे काम अंगावर घ्या, की ज्याचा परिणाम आकड्यांत सांगता येईल. माल वेळेवर पोहोचण्याचे प्रमाण किती वाढले, वाया जाणारे किती वाचले, रांगेतला वेळ किती कमी झाला. मग दुसऱ्या वेळचा अर्ज आपोआप वेगळा होतो.

अर्जासोबतचे पत्र इंग्रजीत लिहायचे असते, पण त्याचा आशय कसा असावा ते सांगतो: ‘मी अमुक साली आपल्याकडे अर्ज केला होता व अंतिम फेरीपर्यंत आलो होतो. धंद्याच्या प्रश्नाची मांडणी करण्यात मी कमी पडलो, असे मला सांगण्यात आले. त्यानंतर एका औषध कंपनीच्या वितरण विभागात काम करताना मी अमुक प्रश्न हाताळला व त्यातून अमुक परिणाम साधला. या तयारीनिशी मी पुन्हा अर्ज करीत आहे.’ एवढे पुरे. त्यात गयावया नको, गेल्या वेळच्या निवडीबद्दल गाऱ्हाणे नको आणि घरच्या परिस्थितीचे वर्णनही नको. नकार मिळाल्याचे स्वच्छ शब्दांत सांगणारा माणूस उलट भक्कम वाटतो.

ओळखीचा मुद्दाही येथेच सांगतो. या कंपन्यांत काम करणारा माणूस एखाद्या उमेदवाराचे नाव पुढे सुचवू शकतो. त्यामुळे नोकरी मिळत नाही, पण अर्ज नीट वाचला जाण्याची शक्यता वाढते. आपल्या मुलांना हे वशिल्यासारखे वाटते आणि संकोच होतो. वशिला म्हणजे पात्रता नसताना आत शिरणे. आपल्या महाविद्यालयाच्या जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहून ‘आपल्या कामाविषयी पंधरा मिनिटे बोलाल का?’ असे अदबीने विचारणे, यात लाजण्यासारखे काही नाही. पहिल्याच पत्रात नोकरी मात्र मागू नये.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो, कारण तो मनात असतो आणि भाषणात कोणी घेत नाही. नकार आला की घरात कोणीतरी हळूच म्हणते, ‘आपले नाव पाहूनच काढले असेल.’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास 2007 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या मानाने दलित नावांना बोलावणी कमी आली आणि मुस्लिम नावांना त्याहून कमी आली. तो अभ्यास सल्लागार कंपन्यांचा नव्हता, पण असा भेदभाव होतो हे त्याने दाखवून दिले. तेव्हा, मुलाला तसे वाटले तर त्याला वेड्यात काढू नका.

परंतु दुसऱ्या बाजूचा आकडाही ऐका. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने 2006 मध्ये जो अहवाल दिला, त्यात नागरी सेवा परीक्षेची माहिती आहे. 2003 आणि 2004 साली लेखी परीक्षेला बसलेल्यांत मुस्लिम उमेदवार केवळ 4.9 टक्के होते. 2001 च्या जनगणनेनुसार लोकसंख्येतील आपले प्रमाण मात्र 13.4 टक्के होते. आणि जे बसले त्यांचे यशाचे प्रमाण? ते इतर उमेदवारांइतकेच होते! याचा अर्थ नीट लक्षात घ्या. त्या परीक्षेत आपली मुले निवडीत मागे पडली नव्हती, उमेदवारीत मागे पडली होती. ती मांडवातच गेली नव्हती.

म्हणून, एका नकारामागे नेमके काय कारण होते हे तुम्हाला बहुधा कधीच कळणार नाही. त्या न कळणाऱ्या कारणावर वर्ष घालवू नका. जे तुमच्या हातात आहे, म्हणजे कागद, सराव, काम आणि दुसरा अर्ज, ते पुरे करा. अन्याय झाल्याचा स्पष्ट पुरावा असेल तर त्याविरुद्ध जरूर दाद मागा. पण पुरावा नसताना मनात धरलेल्या संशयाने एकच गोष्ट घडते: आपण स्वतःच आपले नाव यादीतून काढून टाकतो.

इतिहासातले एक उदाहरण देतो. बदरुद्दीन तय्यबजी 1860 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. डोळ्यांच्या विकारामुळे 1864 मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून मुंबईला परतावे लागले. लोक म्हणू शकले असते की झाले, आता व्यापार सांभाळा. 1865 मध्ये ते पुन्हा गेले, आणि 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईत वकिली करणारे पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले. पुढे 1874 मध्ये अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत ते अग्रभागी होते, आणि 1887 मध्ये मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष झाले. दुसऱ्यांदा बोटीत चढले नसते, तर यांतले किती घडले असते, याचा विचार करा.

डॉ. अब्दुल कलाम यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. हवाई दलाच्या निवडीत पंचवीस उमेदवारांत त्यांचा क्रमांक नववा लागला आणि जागा आठच होत्या. पण त्या गोष्टीतला एक भाग आपण विसरतो. त्याच सुमारास त्यांनी संरक्षण खात्याच्या तांत्रिक विभागातही मुलाखत दिली होती, आणि 1958 मध्ये ते तेथे रुजू झाले. एकाच दारावर सगळा जीव टांगून ठेवू नये, हे त्यातून शिकायचे. एका कंपनीची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या चार कंपन्यांत अर्ज करता येतो, आणि केलाच पाहिजे.

पुन्हा अर्ज किती वेळा करावा? यालाही मर्यादा हवी. दोनदा, फार तर तीनदा, आणि प्रत्येक वेळी काही नवे घेऊन. मधल्या काळात धरलेले काम आवडू लागले, त्यात बढती मिळू लागली, तर जुना हट्ट खुशाल सोडून द्यावा. ती माघार नव्हे. पुष्कळांना दोन वर्षांनी कळते, की आपल्याला त्या कंपनीचे नाव हवे होते, तिचे काम नको होते. रोजचा प्रवास, रात्रीची जागरणे, दर काही महिन्यांनी नवे गाव आणि नवे ग्राहक, हे प्रत्येकाला मानवत नाही. हे स्वतःशी कबूल करण्यासाठीही मधले वर्ष उपयोगी पडते.

शेवटी पालकांना विनंती करतो. मुदतीचे हे वर्ष मुलापेक्षा तुम्हाला जास्त जड जाते, हे मी जाणतो. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो. शेजारच्या मुलाचा आखाताचा व्हिसा आलेला असतो. लग्नाकार्यात प्रत्येक जण विचारतो, ‘काय, लागली का नोकरी?’ अशा वेळी घरातून एक वाक्य निघते: ‘मिळेल ते धर आणि हा नाद सोड.’ मिळेल ते धरायला सांगा, ते योग्यच आहे. हप्ता भरलाच पाहिजे. पण नाद सोडायला सांगू नका. नोकरी आणि दुसरी तयारी या दोन्ही गोष्टी एकदम चालू शकतात. त्यासाठी घराने रोज संध्याकाळचा एक तास त्याला मोकळा दिला, एवढेच पुरे असते.

मुलींच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगतो. मुलाला नकार आला तर आपण म्हणतो, ‘पुढच्या वर्षी बघू.’ मुलीला नकार आला तर म्हणतो, ‘झाले ना समाधान? आता स्थळ बघू.’ तोच नकार, तीच कंपनी, मग हा फरक का? लग्नाला माझा विरोध नाही. परंतु जी मुलगी अंतिम फेरीपर्यंत पोहोचली, तिने निवडीच्या बहुतेक सगळ्या पायऱ्या चढलेल्या असतात. शेवटच्या पायरीवरून तिला खाली बोलावू नका. तिला ठरावीक मुदत द्या, वर्ष म्हणा, दीड वर्ष म्हणा, आणि ती मुदत स्थळ आणणाऱ्यांनाही स्पष्ट सांगा. मुदत ठरलेली असली की मुलगीही मन लावून तयारी करते आणि घरातला रोजचा वादही मिटतो.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडे माझ्या तीन लहान मागण्या आहेत. यांना इमारत लागत नाही आणि देणगीही लागत नाही. रविवारी सकाळी एक वर्ग उघडा ठेवा, जेथे विद्यार्थी जोडीने मुलाखतीचा सराव करतील. माजी विद्यार्थ्यांची एक वही ठेवा, ज्यात कोण कोठे काम करतो याची नोंद असेल आणि त्यांच्या परवानगीने नव्या मुलांना ती दाखवता येईल. आणि तिसरे असे, की वर्षातून एकदा आपल्याच गावातले व्यापारी, बँकेतले अधिकारी, डॉक्टर व वकील यांची एक समिती बसवून मुलांच्या लटक्या मुलाखती घ्या. अनोळखी माणसासमोर पहिल्यांदा अडखळायचे ते आपल्या माणसांत अडखळू द्या.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडे सब्र हा शब्द फार स्वस्त झाला आहे. काही न करता बसून राहणाऱ्यालाही आपण ‘सब्र कर’ म्हणतो. सब्र म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेली मेहनत न कंटाळता करीत राहणे. ज्यांना यंदा नकार आला आहे, त्यांनी घरी गेल्यावर ते पत्र फाडू नये. त्यावरची तारीख वहीत लिहावी, पुन्हा अर्ज करता येण्याची तारीख त्याखाली लिहावी, आणि मधले महिने मोजून त्यांची वाटणी करावी: कामाला किती, सरावाला किती. आणि आजच रात्री ते पत्र अब्बा-अम्मींना दाखवावे. अर्ज तुमचा असला, तरी मधले वर्ष सगळ्या घराचे आहे.

अल्लाह तुमच्या मेहनतीला बरकत देवो.